छेदातला एक

"मॅडम, वरचा आकडा वाढत नसेल, तर खालचा कमी केला तरी टक्के वाढतात ना?" खांबने विचारलं आणि तिच्या हातातला मार्कर फळ्यावर होता तिथेच थांबला. वर्षभर ती हेच त्याच्या डोक्यात उतरवायला धडपडत होती. वरचा तो अंश, खालचा तो छेद. छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो. कितीदा तिने भाकरीसारखं गोल काढून त्याचे तुकडे केले होते, आणि कितीदा त्याने मान डोलावून पुढच्याच उदाहरणात घोळ घातला होता. आज त्याला ते आपणहून सुचलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तो फळ्याकडे बघत नव्हता. समोरच्या खुर्चीवर लांब करून ठेवलेल्या स्वतःच्या पायाकडे, गुडघ्याभोवतीच्या त्या काळ्या, बिजागरीच्या पट्ट्याकडे बघत होता. "म्हणजे असं बघा. आमच्या वर्षाचे आम्ही एकवीस. त्यातले दहा पास. निम्म्याला जरा कमी पडतात. पण एकविसातला एक आधीच दुसऱ्या कॉलेजात गेला, तर विसातले दहा. झाले की निम्मे. पास तेवढेच झाले, पण निकाल सुधारला. बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला हे?" तिनेच पुढे विचारलं.

"कुणी नाही. सकाळपासून ट्रेनर माझ्याशी फार गोड बोलतोय." त्याने पायाखालची खुर्ची जरा सरकवली. "मी गेलो तर तुमचंही बरं होईल ना, मॅडम?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता, हेच तिला सोसेना. टोमणा असता तर तिने त्याला झापलं असतं. त्याने फक्त विचारलं होतं, रस्ता ओलांडताना पुढच्याला विचारावं, गाडी येतेय का, तसं. तिने फळा पुसला. उद्या पुढचं घेऊ असं म्हणाली. तो उठला, दाराच्या चौकटीखालून वाकून बाहेर पडला आणि व्हरांड्यातून त्याच्या पट्ट्याचा टकटक आवाज लांब लांब जात राहिला. तिने बॅग भरली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली.

ही अभ्यासाची खोली पूर्वी खेळाच्या सामानाची कोठी होती. भिंती रंगवल्या, दिवे लावले, चार टेबलं टाकली, तरी कातड्याचा आणि मालिशच्या तेलाचा वास भिंतींनी सोडला नव्हता. ती इथे आली तीच मुळी सरकारी नियमामुळे. त्याआधी खेळाडू पास होतात की नाही, याची उठाठेव कुणी करत नसे. मुलं यायची, चार हंगाम खेळायची, गुडघे किंवा खांदे झिजवायची आणि निघून जायची. मागे उरायचे ते व्हरांड्यातले संघांचे फोटो. मग वर्तमानपत्रांत ओरड झाली, सभागृहात प्रश्न विचारले गेले, शिक्षण खात्याला जाग आली. खात्याने फर्मान काढलं की प्रवेशापासून सहा वर्षांत संघातल्या निदान निम्म्या मुलांनी पदवी घेतलीच पाहिजे, नाहीतर कॉलेजचं खेळाचं अनुदान बंद. फर्मान चांगलं होतं. तिने ते वाचलं तेव्हा तिला खरोखरच भरून आलं होतं, आणि का ते फक्त तिला ठाऊक होतं. कॉलेजने घाईघाईने गणित शिकवणारी एक कंत्राटी बाई शोधली, ती ही. मुलांनी तिचं नाव अभ्यासबाई ठेवलं. फुटबॉल संघाच्या गोलकीपरचं नाव त्यांनी आधीच खांब ठेवून टाकलं होतं, कारण सामन्यात गोलाला तीन खांब असतात आणि तिसरा हलतो.

नियमात एक फट होती. जो मुलगा चांगल्या शेऱ्यानिशी दुसऱ्या कॉलेजात जाईल, त्याला मोजायचं नाही. लिहिणाऱ्याच्या मनात पाप नसावं. एखाद्याच्या वडिलांची बदली होते, एखाद्याला दुसरा विषय हवा असतो. अशा मुलाचा भुर्दंड कॉलेजला कशाला. आज सकाळी क्रीडा संचालकांनी तिला बोलावलं, आपल्या हाताने दार लोटलं आणि चहा मागवला. संचालक कधी आवाज चढवत नसत. "खांबचं काय करायचं, सांगा," ते म्हणाले. "गुडघा तर गेला. चालेल-फिरेल, पण खेळणं संपलं. आणि तुमचं संख्याशास्त्र दोनदा राहिलंय त्याचं. तिसऱ्यांदा निघेल?" तिने खरं ते सांगितलं. सांगता येत नाही, म्हणाली. "बघा, तुम्हीच म्हणताय," संचालक हसले. त्यांनी खांबच्या गावातलं एक कॉलेज बघून ठेवलं होतं. घरचं जेवण, आईजवळ राहणं. आई तिथे एका मोठ्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. "आपण त्याला काढत नाही आहोत. वाट मोकळी करून देतोय. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल, तुमच्यावर विश्वास आहे त्याचा." ते कॉलेज इथली सगळी वर्षं धरेल का, तिने विचारलं. संचालकांनी कपाखालची बशी जराशी फिरवली. "दोनेक वर्षं पुन्हा करावी लागतील. ते त्याचं तो बघेल. उगाच आत्ताच सांगून घाबरवू नका." आणि ती उठताना, पाऊस येईलसं वाटतं असं म्हणावं त्या सुरात, "तुमच्या कंत्राटाचाही विषय याच महिन्यात निघतोय बरं का."

घरी बाबा आवाज बंद करून सामना बघत होते. समालोचकांची कटकट त्यांना नको असायची. कोण कुठे धावणार हे त्यांना आधीच कळायचं आणि तोंडातल्या तोंडात ते खेळाडूंना रागवत राहायचे. ती त्यांच्या शेजारी बसली. पडद्यावर माणसं धावत होती, आपटत होती, आणि खोलीत चकार शब्द नव्हता. तिला एकदम दहावीचं वर्ष आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा ते खोलीत आलंच. जेवणाच्या टेबलावरचं निळं रेक्झिन, त्याला पडलेलं भोक, भोकातून बोटाला लागणारं लाकूड. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बाबा. बाबा तेव्हा पंचेचाळिशीला आले होते. तरुणपणी मैदानाच्या डाव्या बगलेवरून चेंडू घेऊन ते असे सुटायचे म्हणे की पाणीपुरवठा खात्याच्या संघाने त्यांना कॉलेजातून, शेवटचं वर्ष अर्धं असतानाच उचललं. खेळ संपला, नोकरी उरली. मग दर दोन-तीन वर्षांनी एक साहेब त्यांना बोलावून सांगायचा की तुमचं काम चोख आहे, पण वरच्या जागेला पदवीची अट आहे. हळूहळू ते साहेब त्यांच्याहून लहान व्हायला लागले. बढत्यांचे दिवस आले की घरात भांडीसुद्धा जपून ठेवली जायची. त्या वर्षी त्यांनी टपालाने अभ्यास सुरू केला होता. ती पाठांतर करायची आणि समोरून त्यांचं पुटपुटणं यायचं, एकच ओळ, पुन्हा तीच ओळ, मग शांतता, मग त्यांचं कपाळ हळूच पुस्तकावर टेकायचं. तिला त्यांची लाज वाटायची. मैत्रिणी आल्या की ती त्यांची पुस्तकं आपल्या पुस्तकांखाली सरकवायची. आणि एका रविवारी त्यांनी सगळी पुस्तकं सुतळीने बांधून कपाटावर टाकली आणि चालायला म्हणून बाहेर पडले. परत आल्यावर म्हणाले, डोळे दुखतात. आईकडून नंतर कळलं की विद्यापीठाने कळवलं होतं, जुनी वर्षं धरता येणार नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. ते 'पुन्हा पहिल्यापासून' हे शब्द आईने इतक्या हळू म्हटले होते, की जणू त्या शब्दांना घरात झोप लागली होती आणि ती मोडायची नव्हती.

"काय झालं?" पडद्यावरची नजर न काढता बाबांनी विचारलं.

तिने सांगितलं. तुटक तुटक, कंत्राटाचं सगळ्यात शेवटी. बाबा ऐकत राहिले. मध्येच पडद्यावर कुणीतरी गोल केला, तेव्हाही त्यांची मान हलली नाही.

"त्या पोराला विचारलंस का, त्याला काय हवंय?"

"तो म्हणतो, मी गेलो तर तुमचं बरं होईल."

"हे त्याला काय हवंय याचं उत्तर नाही झालं. तुला काय हवंय याचं झालं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मला कुणी काढलं नव्हतं, माहितेय? मी आपल्या पायांनी गेलो. फार चांगले वागले सगळे. निरोपाला प्रिन्सिपॉल स्वतः आले, प्रवासाची बॅग दिली. अजून मला कळलं नाही, मी कुठे प्रवासाला निघालो होतो."

ती हसली आणि हसता हसताच तिला रडू येईलसं वाटलं, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. कंत्राट गेलं तर काय, हा विचार तिने इतका वेळ उंबऱ्यावर अडवून धरला होता, तो आता आत शिरला. बाबांची औषधं, हे भाड्याचं घर, चाळिशीनंतर पुन्हा अर्ज घेऊन मुलाखतींना जाणं, आपल्याहून लहान माणसांसमोर बसून हसरा चेहरा ठेवणं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक चिवट, घाणेरडा सूर होता. तो तिला म्हणत होता की त्याला खरंच जमणार नाही गं, दोनदा बघितलंस ना, मग त्याच्यासाठी तू का बुडतेस. तो सूर परक्याचा असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी तिच्याच आवाजात बोलत होता, शिकवतानाच्या, समजावण्याच्या, शहाण्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या तपासनीस बाई आल्या. बारीक, थकलेल्या, पायांत साधे बूट. वर्षभर अशी कॉलेजं हिंडून त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं वाट बघणं बसून गेलं होतं. संचालकांच्या खोलीत चौघं बसली होती, त्या, संचालक, ट्रेनर आणि ती. भिंतीवरचे करंडक इतके घासलेले होते की प्रत्येकात तिला स्वतःचा चेहरा वाकडा दिसत होता. संचालक आकडे सांगत होते, तपासनीस बाई मान हलवत होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, "या वर्षी कुणी सोडून जाणार आहे का?"

"एक मुलगा आहे," संचालक म्हणाले. "घरची ओढ आहे त्याला. स्वतःहून चाललाय."

"मला बोलता येईल त्याच्याशी?"

"आज तो गुडघ्याच्या उपचारांना गेलाय. एरवी जरूर."

तिला ठाऊक होतं, तो शेजारच्या खोलीत आहे. तिनेच सकाळी त्याला उदाहरणं देऊन बसवलं होतं. मधली भिंत इतकी पातळ होती की तो आत्ता खुर्ची सरकवेल तर सगळ्यांना ऐकू येईल, असं तिला वाटलं, आणि मग तिला तेच हवंसं वाटू लागलं, की त्याने खुर्ची सरकवावी, खोकावं, काहीही करावं, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही. भिंतीपलीकडे काहीच हललं नाही. ट्रेनर नखं बघत होता.

"तो आलाय," ती म्हणाली. "शेजारच्या खोलीत बसलाय."

संचालकांनी तिच्याकडे बघितलं नाही. "अरे वा," ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं. बोलवा की मग."

खांब आत आला, चौकटीखालून वाकला, बसायला सांगितलं तरी उभाच राहिला. तपासनीस बाईंनी त्याला अगदी साध्या शब्दांत विचारलं, तुला दुसऱ्या कॉलेजात जायचंय, हे तू स्वतः ठरवलंस का? ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता बोल, तिला वाटत होतं, मी माझं केलं, आता तू बोल. त्याने आधी संचालकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्याकडे जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "हो. माझं मीच ठरवलं."

तपासनीस बाईंनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. निघताना, गाडीपाशी, त्या तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला दिसत नाही असं समजू नका. पण तो हो म्हणाला. स्वतःहून गेलेला मुलगा माझ्या मोजणीत येत नाही, आणि जो मोजणीत येत नाही त्याच्याबद्दल मला काही लिहिता येत नाही." त्यांनी दार ओढून घेतलं, मग काच खाली केली. "नियम बदला असं मी दोनदा वर कळवलंय," त्या म्हणाल्या, आणि गाडी गेली.

तिने त्याला जिन्यात गाठलं. तो कठडा धरून, एक पाय आधी, मग दुसरा, असा उतरत होता.

"हो का म्हणालास?"

"नाही म्हणालो असतो, तर तुम्हालाही त्यात ओढलं असतं त्यांनी."

"मी सांगितलं होतं तुला मला वाचवायला?"

"तुम्हाला मी सांगितलं होतं, मी शेजारच्या खोलीत आहे म्हणून सांगा?" तो वळला. त्याला रागावलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. खालच्या पायरीवर उभा असूनही तो तिच्या डोळ्यांच्या रेषेत होता. "सगळे माझ्या भल्याचं बोलतात. ट्रेनर बोलतो, सर बोलतात, आता तुम्ही. मला कालपासून कळेनासं झालंय, माझं वाईट करतंय तरी कोण."

तिला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं. तिने ते गिळलं. "ऐक," ती म्हणाली. "त्या कॉलेजात तुझी इथली सगळी वर्षं धरणार नाहीत. दोन वर्षं पुन्हा करावी लागतील."

खालच्या मजल्यावर कुणीतरी चेंडू आपटत होतं, त्याचा आवाज जिन्याच्या पोकळीतून वर येत होता.

"हे सरांनी नाही सांगितलं."

"नाही."

"तुम्हीसुद्धा काल नाही सांगितलंत."

"नाही सांगितलं."

"आणि मी राहिलो, आणि पुन्हा नापास झालो, तर?"

"तर संघाचा निकाल निम्म्याच्या खाली जाईल. माझी नोकरी बहुतेक जाईल. पास झालास तर सगळंच वाचेल. हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीच तुझ्यावर नाही."

"असं कसं माझ्यावर नाही," तो म्हणाला. "तुम्ही आत्ताच ठेवलंत की." आणि पुन्हा उतरू लागला, एक पाय, मग दुसरा. ती वरच्या पायरीवर उभी राहिली. त्याच्या मागे जावं असं तिला वाटलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं. खरं सांगणं म्हणजे हातातलं ओझं खाली ठेवणं, असं ती समजत आली होती. पण ते खाली कुठे ठेवायचं, तर समोरच्याच्या पायावर, आणि तोही असा पाय.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाकीची मुलं यायची, माना खाली घालून उदाहरणं सोडवायची, आणि दाराशी सावली पडली की तिचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. संचालक व्हरांड्यात भेटले की पूर्वीइतकंच हसायचे. घरी बाबा काही विचारत नव्हते. तिचं ताट वाढून ठेवायचे आणि ती जेवते की नाही हे बघायला पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचे. आठवड्याभराने तो आला. दुसऱ्या कॉलेजात जायच्या अर्जावर सही केली नाही, एवढंच म्हणाला. खुर्ची ओढली, पाय लांब केला, आणि म्हणाला, "सरासरीपासून घ्या." त्यानंतर त्या खोलीत गप्पा झाल्या नाहीत. तो चुकायचा, ती खोडायची, तो पुन्हा करायचा. कधी कधी एखाद्या आकडेमोडीत तो असा अडकायचा की त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची, आणि तिला समोर निळं रेक्झिन दिसायचं, त्यावर हळूहळू टेकत जाणारं कपाळ, आणि ती भानावर यायची ती त्याच्या "पुढे?" ने.

परीक्षा झाली. तो नापास झाला. थोडक्यात राहिला, आणि थोडक्यात राहिल्याने काही बदलत नव्हतं. निकाल घेऊन ती संचालकांच्या खोलीत गेली तेव्हा तिने मनाची सगळी तयारी केली होती. संघ बुडाला, अनुदान गेलं, आपण बुडवलं. संचालकांनी नेहमीसारखा चहा मागवला. "एवढं मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "संघ निम्म्यावर आहे. बरोब्बर निम्म्यावर." तिला कळेना. मग कळलं. खांबने सही केली नाही, त्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्याची घेऊन ठेवली होती. पाहुण्याची. चार हंगाम राखीव बाकावर बसून काढलेला, शांत, किडकिडीत मुलगा. कधी खेळायचा नाही म्हणून त्याला पाहुणा म्हणत. अभ्यासाच्या खोलीत दोन-तीनदाच आला असेल. तिने त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. मागून घेतलेलं पेन तो न विसरता परत करायचा, एवढंच आठवलं. पेन पुढे करणारा हात आठवला, त्याच्या वरचा चेहरा नाही. ती ज्या दिवसांत दाराकडे डोळे लावून खांबची वाट बघत होती, त्याच दिवसांत तो मुलगा तिच्या दारावरूनच संचालकांच्या खोलीत गेला असणार. त्याला कुणी सांगितलं होतं, दोन वर्षं पुन्हा करावी लागतील म्हणून? तिने तेवढंच विचारलं. "स्वतःहून गेलाय हो," संचालक म्हणाले. तिचं कंत्राटही वाढवलं नाही. त्या पदाची फेररचना होत होती.

पुढचे महिने तिला धड आठवत नाहीत. मुलाखती झाल्या, हसरा चेहरा ठेवला. शेवटी एका परिचारिका प्रशिक्षण केंद्रात तिला गणित शिकवायचं काम मिळालं. सलाइनचे थेंब मिनिटाला किती सोडायचे, औषध वजनाच्या हिशेबाने किती द्यायचं. इथे उत्तर चुकलं तर माणूस मरतो, त्यामुळे मुली कान टवकारून ऐकायच्या, आणि ते तिला बरं वाटायचं. पाहुण्याला गाठायचा तिने दोन-तीनदा प्रयत्न केला. एकदा त्याच्या नव्या कॉलेजातल्या कारकुनाने सांगितलं, तो येत नाही आता. का, ते त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर ती बाबांशी उगाचच भांडली, आणि बाबांनी ते ऐकून घेतलं.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी तास संपवून ती बाहेर आली, तर केंद्राच्या पायऱ्यांशी खांब उभा होता. पट्टा नव्हता. किंचित लंगडत होता. सकाळी तो एका क्लबात लहान मुलांना गोल अडवायला शिकवायचा, दुपारी एका गोदामात काम करायचा. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आई कशी आहे, बाबा कसे आहेत. मग तो म्हणाला, "निघालं संख्याशास्त्र."

"कधी?"

"गेल्या महिन्यात. बाहेरून बसलो. काठावर."

त्याची सहा वर्षं कधीच संपली होती. ही पदवी आता कुठल्याही संघाच्या, कुठल्याही खात्याच्या हिशेबात धरली जाणार नव्हती. तपासनीस बाईंनासुद्धा ती कुठे लिहिता आली नसती. उन्हात उभं राहून तो हसत होता आणि तिला वाटत होतं, आपण काहीतरी म्हटलं पाहिजे, मोठं, योग्य. "काठावर म्हणजे किती?" एवढंच तिने विचारलं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "अजून दोन मिळायला हवे होते."

"पाहुण्याला फोन करतो मी अधूनमधून," तो एकदम म्हणाला. "नंबर लागत नाही." मग त्याने खिशातून फोन काढला आणि हातातच धरून ठेवला. "कॉलेजवाले मागे लागलेत. त्यांच्या माहितीपत्रकात फोटो हवाय माझा. दुखापतीवर मात करून वगैरे. देऊ का?"

ती भडकली. गेल्या दोन वर्षांत जे जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं. ते करंडक, तो चहा, बशीचं ते फिरवणं. तोंड उघडून ती नको म्हणणार होती, आणि कसं नको ते सांगणार होती. पण तो तिच्या चेहऱ्याकडे बारकाईने बघत होता, आणि तिने विचारलं, "आई काय म्हणते?"

"आईला हवाय. दुकानात लावायचाय म्हणते. आता तिचं स्वतःचं इस्त्रीचं दुकान आहे."

"मग दे."

"दिला. कालच."

"मग मला कशाला विचारतोस?"

"तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं." त्याने फोन तिच्यापुढे धरला. पदवीदानाचा काळा झगा त्याला आखूड झाला होता. मागे कॉलेजची हिरवळ होती, आणि फोटोच्या कडेला, गवतात, एक नवाकोरा फुटबॉल अर्धा दिसत होता.

"हा काय मध्येच?" तिने विचारलं.

"फोटोग्राफरने दिला होता, काखेत धरायला. मी खाली ठेवला." फोटोत त्याचे दोन्ही हात झग्याच्या बाह्यांतून बाहेर आले होते, रिकामे, भले मोठे, कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे, आणि तो कॅमेऱ्याकडे सरळ बघत होता.